सिंथेसायझर : नकलेचे यंत्र की स्वतंत्र वाद्य?

एखाद्या वाद्याला 'नकली' म्हणून बाजूला सारणे सोपे असते. ते वाद्य नेमकी कशाची नक्कल करते, आणि ती नक्कल वाद्य करते की ते वापरणारा करतो, हे तपासणे मात्र तितके सोपे नसते. सिंथेसायझर या विद्युत्-वाद्याच्या वाट्याला भारतात दुहेरी दुर्दैव आले. अभिजात संगीताच्या उपासकांनी त्याला वाद्य मानलेच नाही. आणि ज्यांनी त्याला उचलून धरले, त्यांनी बहुधा दुसऱ्या वाद्यांचा स्वस्त बदली कामगार म्हणूनच त्याचा उपयोग केला. पहिल्यांनी त्याच्यावर अन्याय केला तो अनादराने, दुसऱ्यांनी केला तो अतिवापराने. या दोहोंपासून दूर असा एक तिसरा वर्ग जगभर आहे. जुने सिंथेसायझर शोधून काढणारे, ते दुरुस्त करणारे, त्यांच्याच तत्त्वांवर नवे घडविणारे असे हे रसिक होत. त्यांच्या छंदाला चैन किंवा वेड म्हणून हसण्यावारी नेण्याची रीत आहे. वस्तुतः या वाद्याकडे पाहण्याची योग्य दृष्टी सध्या त्यांच्याजवळच आहे, आणि भारतीय संगीताने ती त्यांच्याकडून घ्यावी, असे म्हणण्यास पुरेसा आधार आहे.

या प्रश्नाचा विचार भिलाईसारख्या नगराच्या संदर्भात करणे उद्बोधक ठरेल. नागपूर आणि रायपूर यांच्या दरम्यान, मुंबई-हावडा लोहमार्गावर वसलेले हे नगर यंत्राच्या पोटी जन्मले. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएट संघ यांच्यात करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. तेव्हापासून भारतीय रेल्वेचे रूळ मुख्यतः येथेच घडत आले आहेत. या प्रदेशाचा मराठीशी असलेला संबंध मात्र कारखान्याहून जुना आहे. नागपूरकर भोसल्यांची सत्ता येथे १८५४ पर्यंत होती, आणि पुढे मध्यप्रांत-वऱ्हाड या द्वैभाषिक प्रांतात मराठी आणि हिंदी शेजारी नांदल्या. कारखाना उभा राहिल्यावर नोकरीनिमित्त देशाच्या सर्व भागांतून माणसे येथे आली, तशीच ती विदर्भातूनही आली. सेक्टरांच्या क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या या वसाहतीत जो तो आपापले सण, आपापली गाणी आणि आपापली वाद्ये घेऊन आला.

अशा संमिश्र नगरात कोणते वाद्य सर्वांचे होते? ढोलकी एकाची, मृदंगम् दुसऱ्याचा, खोल तिसऱ्याचा. सर्वांच्या मांडवात सारख्याच सहजतेने शिरलेले वाद्य म्हणजे विद्युत् की-बोर्ड होय. गणपतीच्या मंडपात, दुर्गापूजेच्या व्यासपीठावर, लग्नाच्या वरातीत, छत्तीसगढी गीतांच्या ध्वनिमुद्रणात तोच एक की-बोर्ड आणि त्याच्या जोडीला ऑक्टोपॅड, हे दृश्य सर्वपरिचित आहे. कळ दाबली की सनई वाजते, दुसरी दाबली की बासरी, तिसरी दाबली की व्हायोलिनांचा ताफा. ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांची अशी समजूत असते की सिंथेसायझर म्हणतात तो हाच. ही समजूत चुकीची आहे, आणि या वाद्याविषयीच्या बहुतेक गैरसमजांचे मूळ तिच्यातच आहे.

सिंथेसायझर म्हणजे ध्वनी साठविणारी पेटी नव्हे, तर ध्वनी घडविणारी कर्मशाळा होय. तिच्यात मुळाशी एक आंदोलक असतो. तो विजेचे नियमित कंपन निर्माण करतो. हे कंपन करवतीच्या दात्यांसारखे असेल तर त्यात सर्व उपस्वर भरलेले असतात. चौकोनी असेल तर विषम क्रमांकाचेच असतात. अशा या कच्च्या, कर्कश आवाजातून नको तो अंश काढून टाकण्याचे काम फिल्टर नावाची गाळणी करते. नंतर हा आवाज किती वेगाने उमटावा, किती वेळ टिकावा आणि कसा विरावा, हे तिसरा घटक ठरवितो. अमेरिकन तंत्रज्ञ रॉबर्ट मूग यांनी १९६४ साली आपले पहिले संच लोकांपुढे मांडले, तेव्हा त्यांची महत्त्वाची कल्पना अशी होती की या सर्व घटकांवर विद्युत्-दाबाने नियंत्रण ठेवावे. एक व्होल्ट वाढला की स्वर एका सप्तकाने चढावा, इतका साधा तो नियम होता. खनिजातून मळी वेगळी करून हवे त्या गुणाचे पोलाद काढणाऱ्या गावाला ही प्रक्रिया समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये. मूळ द्रव्य ओबडधोबड असते. गुण येतो तो काय काढले, किती काढले आणि कोणत्या क्षणी थांबले यांवरून. सिंथेसायझर वाजविणाऱ्याचे कौशल्यही येथेच असते. वाद्य हाती घेण्यापूर्वी त्याला आपला आवाज घडवावा लागतो.

मग नकलेचा कलंक या वाद्याला लागला कसा? भारतापुरते उत्तर द्यायचे तर १९५४ सालच्या 'नागिन' या चित्रपटापर्यंत मागे जावे लागते. हेमंतकुमार यांच्या संगीतातील पुंगीचा जो स्वर देशभर गाजला, तो पुंगीचा नव्हताच. कल्याणजी वीरजी शहा यांनी तो क्लॅव्हायोलिन या विद्युत्-वाद्यावर काढला होता. सिंथेसायझरच्या या पूर्वजाने भारतात मिळविलेले पहिले मोठे यश हे असे दुसऱ्याचा वेष घेऊन मिळविलेले होते. गंमत अशी की पुढे गारुड्याची खरी पुंगी ऐकून ती 'नागिन'सारखी वाटत नाही, असे म्हणण्यापर्यंत लोकांचे कान बदलले. नकलेने मुळाची जागा घेतली. परंतु हा दोष वाद्याचा म्हणता येईल काय? त्या सुराला जी झिणझिण होती ती पुंगीची नव्हती, क्लॅव्हायोलिनची होती. लोकांनी खरे पाहता एक नवा आवाजच स्वीकारला होता. त्याला त्याचे नाव मात्र मिळाले नाही.

१९७०च्या दशकात केरसी लॉर्ड यांनी मूग सिंथेसायझर मुंबईच्या चित्रपटसंगीतात आणला. त्या काळात हे वाद्य मोठ्या वादकवृंदातील एक सभासद होते. ते सर्वांच्या जागी बसलेले नव्हते. पारडे फिरले ते पुढच्या दशकात. १९८३ साली यामाहा कंपनीचा डीएक्स-७ आला. त्याच वर्षी वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशी जोडणारी 'मिडी' ही पद्धती अवतरली. १९८८ साली कोर्ग कंपनीच्या एम-१ या वाद्यात खऱ्या वाद्यांचे ध्वनिमुद्रित तुकडे तयार स्वरूपात भरून मिळू लागले. या शेवटच्या प्रकाराने सिंथेसायझरचा मूळ धर्मच बदलला. आवाज घडविण्याऐवजी तो निवडणे पुरेसे झाले. चाळीस वादकांना बोलावून, बसवून, मानधन देऊन जे साधायचे, ते एका खोलीत एका माणसाकडून होऊ लागले. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गोवेकर, पारशी, मराठी, बंगाली अशा अनेक वादक-घराण्यांच्या पिढ्या या वृंदांवर पोसल्या होत्या. १९९०च्या दशकात त्यांचा व्यवसाय ओसरला. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने २००८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या वादकांच्या जीवनाची सविस्तर नोंद केली आहे. ही हानी खरी आहे, आणि सिंथेसायझरचा कैवार घेणाऱ्याने ती नाकारू नये. व्हायोलिनवादकाचा रोजगार बुडविणारे यंत्र म्हणून ज्याला या वाद्याचा राग येतो, त्याच्या रागाला कारण आहे.

तथापि रागाचा रोख योग्य ठिकाणी असावा. वादक घरी बसले, ते खर्च वाचविण्याच्या हिशेबामुळे. आणि त्या हिशेबाला सोयीची पडली ती सिंथेसायझरची नकलेची बाजू. त्याच्या सर्जनशील बाजूने कोणाचीही भाकरी हिरावून घेतलेली नाही. ही दुसरी बाजू भारतात नव्हतीच असेही नाही. ती होती, बहरलीही होती, आणि विस्मृतीत गेली. तिची दोन उदाहरणे ध्यानात घेण्यासारखी आहेत.

पहिले अहमदाबादचे. तेथील राष्ट्रीय डिझाईन संस्थेत १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूगचा मोठा संच उभा करून दिला. संस्थेतील या प्रयोगशाळेमागे गीता साराभाई यांची प्रेरणा होती. अमेरिकन संगीतकार जॉन केज यांना १९४०च्या दशकात भारतीय संगीताची ओळख करून देणाऱ्या त्या हाच. त्यांच्यासह अतुल देसाई, आय. एस. माथूर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी १९७२ पर्यंत या संचावर रचना केल्या. त्या रचनांत कोणा सतारीची वा सारंगीची नक्कल नव्हती. विजेच्या आवाजाला विजेचाच आवाज म्हणून वागविलेले होते. पुढे हे काम थांबले आणि ध्वनिफिती संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. पॉल पर्गस या ब्रिटिश कलावंताने त्या शोधून काढल्या आणि २०२३ साली त्यांची ध्वनिमुद्रिका निघाली, तेव्हा कुठे भारतीय श्रोत्याला कळले की आपल्या देशात पन्नास वर्षांपूर्वी असे काही घडले होते.

दुसरे उदाहरण मुंबईचे. चित्रपटसंगीतातील वादक चरणजितसिंग यांनी १९८२ साली एच. एम. व्ही.साठी दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका केली. भैरवी, ललत, तोडी, यमन, मालकंस आदी राग त्यांनी तीन जपानी यंत्रांवर मांडले. ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे छोटे खर्जयंत्र ही तिन्ही रोलँड कंपनीची. यांपैकी टीबी-३०३ची कथा विशेष आहे. गिटार वाजविणाऱ्याला सरावासाठी खर्जाची साथ मिळावी म्हणून ते बनविले गेले; त्या कामी ते अपुरे ठरले आणि १९८४ साली त्याचे उत्पादन बंद पडले. परंतु त्यात एका स्वरावरून पुढच्या स्वरावर घसरत जाण्याची सोय होती. बनविणाऱ्यांच्या दृष्टीने ती किरकोळ. रागसंगीतात वाढलेल्या कानाला मात्र तिच्यात मींडेची अंधुक छाया दिसली. खर्जगिटारची नक्कल करण्यात जे यंत्र नापास झाले, ते रागाच्या वाटेने जाताना स्वतःच्या आवाजात बोलू लागले. ध्वनिमुद्रिका त्या वेळी खपली नाही. १९८७ साली शिकागोच्या फ्यूचर या गटाने त्याच टीबी-३०३चा उपयोग करून 'ॲसिड हाऊस' नावाच्या नृत्यसंगीताचा पाया घातला. दोघांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. २०१० साली एका डच प्रकाशकाने चरणजितसिंगांची ध्वनिमुद्रिका पुन्हा प्रसिद्ध केली आणि वृद्धापकाळी त्यांना युरोपात श्रोते लाभले. २०१५ साली मुंबईत त्यांचे निधन झाले.

या दोन्ही उदाहरणांत एक समान सूत्र आहे. भारतीयांनी केलेले काम भारतात विसरले गेले, आणि ते पुन्हा उजेडात आणले ते परदेशातील छांदिष्टांनी. जुन्या यंत्रांवर, जुन्या तबकड्यांवर, त्यांच्या आवाजाच्या बारीक छटांवर ज्यांचे प्रेम आहे अशी ही माणसे होती. विद्यापीठांनी आणि अकादम्यांनी करावयाचे काम छंद म्हणून झाले. तेव्हा या छांदिष्टांचा उपहास करण्यापूर्वी विद्वानांनी थोडा विचार केलेला बरा.

हे रसिक नेमके काय करतात? ते चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे यंत्र उघडतात, सुकून गेलेले कपॅसिटर बदलतात, कळांखालचे संपर्कबिंदू स्वच्छ करतात, तापमानाबरोबर सरकणारा सूर पुन्हा जागेवर आणतात. १९७८ साली आलेल्या प्रॉफेट-५ या वाद्याच्या पुढच्या आवृत्त्यांना आणि त्या पिढीतील इतर अनेक वाद्यांना आवाज देणाऱ्या सीईएम ३३४० या चिपचे उत्पादन बंद पडले होते. या मंडळींची मागणी इतकी चिवट ठरली की २०१६ साली ती चिप पुन्हा बनू लागली. १९७० साली निघालेला मिनीमूग मूळ कंपनीने नव्याने बाजारात आणला. डीटर डोपफर या जर्मन तंत्रज्ञाने १९९०च्या दशकाच्या मध्यास सुटे घटक एका चौकटीत हवे तसे जोडण्याची पद्धती रूढ केली, आणि तिच्याभोवती लहान लहान कर्मशाळांचे एक जगच उभे राहिले. जुने आणि नवे यांतील भिंत येथे आपोआप ढासळते. ज्याला जुने यंत्र दुरुस्त करता येते तोच नवे कल्पू शकतो.

भिलाईच्या वाचकाने यांतील एका यंत्राकडे विशेष आपुलकीने पाहावे. सोव्हिएट संघात १९८२ साली 'पोलिवोक्स' नावाचा सिंथेसायझर तयार झाला. त्याचा रचनाकार व्लादिमीर कुझमिन, आणि तो बनत असे उरल पर्वतातील कच्कनार येथील फोरमांता कारखान्यात. कच्कनार हे लोहखनिजाच्या खाणीचे गाव आहे. तेथील खनिज निज्नी तगील येथील पोलाद कारखान्याला जाते. म्हणजे भिलाईच्या शेजारच्या दल्ली-राजहराशीच त्याचे नाते जुळावे. खाणीच्या त्या गावात रेडिओ-तंत्रज्ञांनी पाश्चात्त्य वाद्यांची हुबेहूब प्रतिकृती केली नाही. देशात जे सुटे भाग उपलब्ध होते त्यांतून त्यांनी मार्ग काढला, आणि त्यातून एक उग्र, खरखरीत, कोणासारखाही नसलेला आवाज निघाला. ज्याला एके काळी अडाणी म्हटले गेले असते तोच त्याचा फिल्टर आज पाश्चात्त्य देशांतले कारागीर आवडीने पुन्हा बनवितात. पोलादाचे गाव वाद्याचेही गाव होऊ शकते, याचा हा पुरावा आहे.

आता मुख्य आक्षेपाकडे वळावे. रागसंगीताचे अभ्यासक म्हणतात, हे वाद्य बेसूर आहे. त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. बाजारात मिळणाऱ्या की-बोर्डवर सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. त्यातील शुद्ध गंधार हा षड्जाशी ५:४ असे नाते राखणाऱ्या नैसर्गिक गंधाराहून सुमारे १४ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या जवळजवळ सातव्या हिश्श्याने, चढा असतो. तंबोऱ्याच्या तारेतून आपोआप निघणारा गंधार ज्याच्या कानात मुरला आहे, त्याला हा फरक खुपतो. मुलांचा कान मात्र लहानपणापासून याच चढ्या गंधारावर तयार झाला, तर पुढे त्यांना तो खुपणारही नाही. खरा धोका हा आहे, आणि तो भिलाईत जितका आहे तितकाच पुण्यात आहे.

परंतु हा वाद सिंथेसायझरने सुरू केलेला नाही. महाराष्ट्रात तो शंभर वर्षांहून जुना आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. अब्दुल करीम खाँ यांचे गायन, देवलांचे गणित आणि सनदी अधिकारी ई. क्लेमेंट्स यांचा उत्साह यांतून श्रुति-हार्मोनियमची कल्पना आकाराला आली. १९१६ साली बडोद्यात भरलेल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत तिच्यावर वादही झडला. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली, ती १९७१ मध्ये शिथिल होईपर्यंत तीन दशके टिकली. एवढ्या अवधीत गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी ही परदेशी पेटी मराठी केली होती, संगीत रंगभूमीने पायपेटीचा ऑर्गनही आपलासा केला होता. पुढे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची संवादिनी सिद्ध करून देवलांचा धागा पुन्हा उचलला. या इतिहासाचा अर्थ असा की, परके वाद्य स्वीकारताना त्याचा सूर तपासणे आणि जमल्यास तो बदलणे, ही मराठी संगीतविचाराची जुनी सवय आहे.

देवलांना जे धातूच्या पट्ट्या घासून साधावे लागले असते, ते सिंथेसायझरमध्ये काही आकडे बदलून साधते. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धातील डीएक्स-७च्या सुधारित आवृत्तीत प्रत्येक स्वर स्वतंत्रपणे चढवण्या-उतरविण्याची सोय होती. १९९२ साली मिडीच्या नियमांतही तिला स्थान मिळाले. आज संगणकावरील अनेक सिंथेसायझरांत ती उपलब्ध असते. म्हणजे ज्या वाद्याला बेसूर म्हटले जाते, तेच वाद्य श्रुतीच्या प्रश्नावर हार्मोनियमपेक्षा अधिक लवचिक आहे. बेसूर आहे ती कारखान्यातून लावून आलेली मांडणी, आणि ती न बदलण्याचा वापरणाऱ्याचा आळस. मींडेचा प्रश्न याहून अवघड आहे. कळ ही तुटक असते आणि गळा अखंड असतो. ही अडचण सूर वाकविण्याच्या चाकाने आणि बोटाच्या सरकण्याला प्रतिसाद देणाऱ्या नव्या पट्ट्यांनी कमी होते, पुरती सुटत नाही. ती सुटली असा दावा कोणी करू नये. पण हार्मोनियमवरही ती सुटलेली नव्हती, आणि तरीही टेंबे झाले.

विजेच्या आवाजाविषयीचा तिटकारा तर आता तर्काला धरूनही राहिलेला नाही. बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी १९७९ साली इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला. आज घरोघरी, वर्गावर्गात रियाज चालतो तो त्याच्याच किंवा मोबाईलवरील तंबोऱ्याच्या साथीने. विजेतून निर्माण केलेल्या षड्ज-पंचमावर आपला गळा रोज पारखून घ्यावयाचा, आणि मग सिंथेसायझर हे वाद्यच नव्हे असे म्हणावयाचे, ही विसंगती लपण्यासारखी नाही.

नकलेची किंमत सर्वांत जास्त कोण मोजतो, हेही पाहिले पाहिजे. भिलाईजवळच्या गनियारी गावी जन्मलेल्या आणि भिलाई पोलाद कारखान्यातच नोकरी केलेल्या तीजनबाई यांना २०१९ साली पद्मविभूषण मिळाले. त्यांच्या पंडवानीत हाती तंबुरा आणि मागे पेटी-तबल्याची साथ असे. पेटी परदेशातून आलेली असूनही तिथे उपरी वाटत नाही, कारण ती पेटी म्हणूनच वाजते. याउलट छत्तीसगढच्या गंडवा बाजातील मोहरी हे सनईच्या जातीचे वाद्य घ्यावे. वरातीत मोहरीवाल्याऐवजी की-बोर्डमधली 'सनई' वाजू लागली की मोहरीवाल्याचा रोजगार तर जातोच. शिवाय जी वाजते ती मोहरीही नसते आणि सनईही नसते. कुठल्याशा दूरच्या ध्वनिमुद्रणगृहात कोणीतरी टिपलेली ती एक सरासरी सनई असते. मोहरीवाला जाऊन त्याच्या जागी एखादा अस्सल नवा आवाज आला असता, तर निदान काही मिळाले तरी असते. येथे एकाचे गेले आणि दुसऱ्याचे काही झाले नाही.

म्हणून आग्रह धरावयाचा तो वाद्यावर बंदीचा नव्हे, तर नकलेवर संयमाचा. जिथे मोहरी वाजविणारा आहे तिथे मोहरीच वाजावी. सिंथेसायझरने तेथे असा आवाज आणावा, जो मोहरीला काढता येत नाही. हा साधा विवेक संगीत-संयोजकांनी आणि उत्सव-मंडळांनी पाळला, तर दोन्ही वाद्यांचा मान राहील.

यापुढचे काम संस्थांचे आहे, आणि त्यासाठी भिलाईच्या परिसराइतकी अनुकूल जागा देशात थोडीच असेल. जवळच खैरागढ येथे १९५६ साली स्थापन झालेले इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय आहे. संगीत आणि ललित कला यांनाच वाहिलेल्या या विद्यापीठाचे कुलगुरुपद डॉ. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी भूषविले होते. भिलाईतच आता २०१६ साली स्थापन झालेली भारतीय तंत्रज्ञान संस्था आहे. एका ठिकाणी कान आहे, दुसऱ्या ठिकाणी विद्युत्-शास्त्र आहे, आणि दोहोंच्या मध्ये यंत्राची देखभाल हाच ज्यांचा आयुष्यभराचा व्यवसाय होता अशा कुशल कामगारांची वसाहत आहे. या तिघांनी मिळून एक ध्वनिशाळा उभी करावी. तिच्यात विद्यार्थ्याला आंदोलक, फिल्टर आणि श्रुतींची मांडणी स्वतःच्या हाताने शिकता यावी. बंद पडलेली जुनी वाद्ये दुरुस्त व्हावीत. आणि मोहरी, तंबुरा यांसारख्या स्थानिक वाद्यांच्या आवाजाचे विश्लेषण व्हावे. हे विश्लेषण त्यांची नक्कल करण्यासाठी नव्हे, तर त्यांच्या घडणीचे नियम कळावेत म्हणून करावे. याला अहमदाबादच्या १९६९च्या प्रयोगाइतका खर्च आज येणार नाही. त्या वेळी जे खोलीभर यंत्रांनी होत असे, त्यातले पुष्कळसे आज साध्या संगणकावर होते.

या सूचनेवर असा आक्षेप येईल की, जुन्या वाद्यांचे प्रेम ही धनिकांची हौस आहे. मूळ मिनीमूग किंवा टीबी-३०३ आज संग्राहकांच्या हाती पडून इतके महागले आहेत की सामान्य वादकाला ते स्वप्नातही परवडू नयेत, हे मान्य केले पाहिजे. काचेच्या कपाटात ठेवलेला सिंथेसायझर हा मुका झालेला सिंथेसायझर होय. परंतु खऱ्या रसिकाची ओढ वस्तूच्या मालकीपेक्षा तिच्या घडणीकडे असते. ज्याला जुना फिल्टर कसा चालतो हे कळले आहे, त्याला तो स्वस्त सुट्या भागांतून पुन्हा उभा करता येतो. कच्कनारच्या तंत्रज्ञांनी दुसरे काय केले? ज्ञान जपले की वस्तू परवडते. ज्ञान गेले की तयार कळ दाबण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही.

भिलाईच्या क्वार्टरांतून अडगळीच्या फळीवर १९८०च्या किंवा १९९०च्या दशकातला एखादा की-बोर्ड, दोन कळा मुक्या झालेला, आज ना उद्या भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढेल. भंगार वितळवून पुन्हा पोलाद करण्याची विद्या या गावाला अवगत आहे. ती हातगाडी दारातून हलण्यापूर्वी कोणा विद्यार्थ्याने त्या की-बोर्डचे झाकण एकदा उघडून पाहिले, तरी वर सुचविलेल्या ध्वनिशाळेचा पहिला पाठ झाला असे समजावयास हरकत नाही.